खाजरं सोवळं

१

नवरात्राच्या चौथ्या माळेला, अहिल्याबाई घाटावर भर पुराणात, ढुंढिराजशास्त्री खांबेट्यांनी पोथी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कंबर खाजवायला सुरुवात केली.

लोकांना आधी वाटलं, काही चावलं असेल. पण शास्त्रीबुवांचे हात कंबरेवरून पाठीवर गेले, पाठीवरून मांड्यांवर आले आणि थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बायका माना खाली घालून पदरात हसल्या. मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "महाराज को कोढ़ तो नहीं हो गया?" त्या संध्याकाळी प्रसादाचं ताट जसं आलं तसं परत गेलं. तीस वर्षं त्या घाटावर पुराण सांगणाऱ्या माणसाच्या हातचा खडीसाखरेचा खडा कुणी घेतला नाही.

दिल्ली दरबाराच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. राजा घाटामागच्या गल्लीत शास्त्रीबुवांचं घर होतं, आणि त्यांचा भाचा वेणीमाधव एका इंग्रजी शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा. राहायला शाळेजवळ, जेवायला मामांकडे. वय सव्वीस, नाकावर चष्मा आणि स्वतःच्या डोक्यावर गाढ विश्वास. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घरातलं चोरीला गेलेलं चांदीचं तबक त्यानं नुसत्या चिंचेच्या डागावरून शोधून दिलं होतं. तेव्हापासून काशीतल्या मराठी घरांत काहीही हरवलं की "वेणीमाधवाला बोलवा" असं म्हणायची रीत पडली होती. ती त्याला आवडायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

मामांनी त्याला रात्रीच्या जेवणाआधी माडीवर नेलं आणि दार लोटून अंग दाखवलं. कंबरेभोवती, पोटऱ्यांवर, खांद्यांवर पित्ताच्या उठतात तशा लाल गांधी उठल्या होत्या.

"वैद्य म्हणाले, रक्त शुद्ध आहे. महारोग नाही," मामा म्हणाले. "तुझ्या मामीलाही हेच. तीन दिवस झाले. वेण्या, हे कुणीतरी केलंय. सोवळ्यात खाजकुयली टाकलीय कुणी."

"कोण टाकेल?"

"ते तू सांगायचं. दसऱ्याच्या आत मला माणूस हवा. घाटावर नाव घेऊन सांगितलं तरच लोक कोढ़ कोढ़ म्हणायचे थांबतील."

माणूस हवा, असं मामा म्हणाले. कारण हवं, असं म्हणाले नाहीत. वेणीमाधवाच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत रकाने आखले आणि एकेकाला विचारायला बसला.

सगळ्यात आधी अन्नपूर्णामामी. तिचे दंड आणि पोट गांधींनी भरलेलं. "सोवळं नेसलं की घटकाभरात सुरू होतं रे. बिलकुल चैन नाही. ओवळं नेसलं की हळूहळू उतरतं."

"सोवळं धुतं कोण, वाळत कोण घालतं?"

"बकुळ. आणखी कोण? मला छताच्या पायऱ्या चढवतात का? गुडघे बघ माझे. तीच धुते, तीच काठीनं वलणीवर टाकते, कुणी शिवू नये म्हणून राखण करते. पूर्वी पूर्वेला नदीच्या बाजूला वलणी होती, तेव्हा मला खालून तरी दिसायची. तो बाँसफोड समोरच्या छपरावर राहायला आला, सुपं-टोपल्या वळत दिवसभर इकडेच तोंड करून बसायला लागला, तशी हलवावी लागली. अनंतचतुर्दशीनंतर तूच नाही का पश्चिमेला खिळे ठोकून दिलेस?"

"हो हो," वेणीमाधव म्हणाला आणि पुढचा रकाना लिहायला लागला. खिळे ठोकून वीसेक दिवस होत आले होते आणि खाज तर नवरात्रात सुरू झाली. त्यात लिहून घेण्यासारखं काय होतं?

मग मामेभाऊ काशीनाथ. कचेरीत कारकून, कोट-टोपीवाला. त्याच्या अंगावर एक पुळीसुद्धा नव्हती. "छोड़ो भैया, ये सब वहम है," तो हसला. "मी तर जेवायला रेशमी मुकटा नेसतो. खुंटीवरून काढला, नेसला, परत खुंटीवर. धुवायची भानगड नाही. आणि हे बघ, बाबांना कोण त्रास देईल? फार तर आमच्या सौभाग्यवती."

सौभाग्यवती शरदिनी दारामागेच उभी होती. ती तडक बाहेर आली. "मी देईन हो! सासूबाई मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत घेत नाहीत, सोवळ्याच्या काठीला हात लावू देत नाहीत. लांबून मंतर टाकला म्हणा." मग वेणीमाधवाकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "भावजी, घरात सगळे एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागलेत. लवकर काय ते निपटवा."

तिसरी बकुळाबाई, घरची स्वयंपाकीण. आठ वर्षांपूर्वी वाईहून नवऱ्याबरोबर काशीयात्रेला आली होती. नवरा पटकीनं इथंच गेला, माघारी न्यायला कुणी आलं नाही, आणि शास्त्रीबुवांच्या चुलीपाशी तिला आसरा मिळाला. तीच तिची भाकरी आणि तेच तिचं छप्पर. ती दारापाशी उभी राहिली ती पदराखाली दोन्ही हात घेऊन.

"सोवळ्यापाशी दुसरं कुणी जातं?"

"नाही मास्तर. मीच."

"हात दाखवा बघू."

ती थबकली. मग तिनं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर लालभडक पुरळ होतं.

"हे कधीपासून?"

"असंच... राखेनं होतं कधी कधी," ती म्हणाली आणि हात परत पदराआड गेले.

वेणीमाधवानं खुशीत वहीत दुहेरी रेघ ओढली. खाजकुयलीची लव हाताळणाऱ्याचे हात आधी सुजतात, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पण नुसत्या संशयावर बोलणारा तो नव्हता. त्याला प्रयोग करायचा होता.

३

प्रयोग त्यानं असा केला. पाचव्या आणि सहाव्या माळेला बकुळाबाईनं सोवळ्याला हात लावायचा नाही. सोवळं मामीनं स्वतः धुवायचं आणि स्वतःच वाळत घालायचं. सातव्या दिवशी पुन्हा बकुळाबाईनं.

मामीच्या हातचं सोवळं नेसल्यावर दोन्ही दिवस एकही नवी गांध उठली नाही. सातव्या दिवशी बकुळाबाईनं सोवळं वाळत घातलं, आणि आठव्या दिवशी सकाळी मामा संध्येवरून उठून आरडाओरडा करत माजघरात आले.

वेणीमाधवानं वही मिटली. भूमितीचा सिद्धान्त सुटावा तसं सगळं सरळ झालं होतं. त्यानं बकुळाबाईचं गाठोडं सोडायला लावलं. दोन लुगडी, एक जपमाळ आणि गेरूची पुडी. गांधींवर गेरू लावतात हे मराठी घरात कुणाला ठाऊक नाही?

"विष देणारा उतारा आधी जवळ ठेवतो," वेणीमाधव म्हणाला. हे वाक्य त्यानं आदल्या रात्रीच जुळवून ठेवलं होतं.

"का गं बकुळे?" मामी रडत म्हणाली. "काय कमी केलं तुला?"

"मी काही केलं नाही वहिनी."

"मग हात? मग ही पुडी?"

बकुळाबाईनं दोन्ही हात पुन्हा पदराआड घेतले. त्या घरात आठ वर्षांत तिनं कधी अंग दुखलं म्हणून सांगितलं नव्हतं. अन्नाला हात लावणाऱ्या विधवेनं अंगाला खाज सुटली म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिची चूल सुटते. हे ती जाणून होती, आणि शरदिनीखेरीज आणखी कुणाला ते सुचण्यासारखं नव्हतं. शरदिनीला तर त्या बैठकीत बोलायची मुभाच नव्हती.

त्याच संध्याकाळी शास्त्रीबुवांनी घाटावर बकुळचं नाव घेऊन सांगितलं. लोक हळहळले, चुकचुकले. प्रसादाचं ताट रिकामं झालं. आणि "मास्तरांनी बरोबर पकडली" म्हणून वेणीमाधवाच्या पाठीवर थापा पडल्या.

बकुळाबाई गाठोडं घेऊन निघाली तेव्हा वेणीमाधव दारातच होता. चौकट बुटकी, म्हणून तिनं मान खाली घातली आणि डोक्यावरचा पदर मागे सरकला. तिच्या मानेवर, पाठीच्या मणक्यापर्यंत, मामांच्या पाठीवर होत्या तशाच गांधी होत्या.

जो दुसऱ्याच्या कपड्यात खाजकुयली टाकतो त्याचे हात सुजतील. पाठ कशी सुजेल?

प्रश्न लख्ख समोर उभा राहिला. वेणीमाधवानं तोंड उघडलं. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, "वेण्या, चल, पानं घेतलीत. आज तुझ्यासाठी श्रीखंड केलंय." आणि तो आत गेला.

श्रीखंड त्यानं दोनदा मागून घेतलं. ते पुढे कित्येक वर्षं त्याच्या घशात राहिलं.

४

दसऱ्याच्या दिवशी शरदिनी ओरडत छतावरून खाली आली.

बकुळ गेल्यापासून नाइलाजानं सोवळ्याचा स्वयंपाक तिच्याकडे आला होता. दोनच दिवसांत तिच्या गोऱ्या हातांवर, कंबरेवर गांधी फुटल्या होत्या. मामांची कंबर पुन्हा पेटली होती. मामी अंथरुणाला खिळली होती.

"आता मीच का चोर?" शरदिनीनं सगळ्यांसमोर हात पसरले. "घ्या, पकड़ो मुझे! भावजी, उघडा तुमची वही."

काशीनाथ बायकोकडे बघायचा थांबला आणि वेणीमाधवाकडे बघायला लागला. मामा संशयानं सुनेकडे बघत होते. "बकुळेनं जाताना हिला शिकवून ठेवलं असेल," ते पुटपुटले.

मामांची बुद्धी एरवी तल्लख, पण एकदा माणूस शोधायचा म्हटला की माणूसच दिसतो. आज बकुळ, उद्या सून, परवा आणखी कुणी. आणि ही वाट त्यांना दाखवली होती आपणच, हे वेणीमाधवाला कळत होतं. तो तसाच आपल्या खोलीवर गेला. रात्रभर बकुळाबाईची ती मान डोळ्यांसमोरून हलली नाही.

उजाडता उजाडता तो परत आला आणि खिळे ठोकल्यानंतर पहिल्यांदाच छतावर गेला. इतके दिवस त्यानं चौकशी केली होती ती माजघरात पाटावर बसून.

पश्चिमेच्या कठड्यापलीकडे एका बंगाली जमीनदाराची बंद पडलेली बाग होती. कठड्याला लागूनच बांबूचं बेट. वलणीपासून हातभरावर कोवळे, जाडजूड, नुकते उंच गेलेले बांबू डुलत होते, आणि त्यांच्या अंगावरची वाळकी सालं सुटत आलेली. बेटात एक माणूस चढला होता. अंगाला तेल चोपडलेलं, डोक्याला ओला गमछा. तो बुधई होता, समोरच्या छपरावरचा बाँसफोड. कार्तिकातल्या आकाशदीपांसाठी बांबू तोडत होता.

"इतक्या पहाटे?" वेणीमाधवानं हिंदीत विचारलं. त्याच्याशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"ओस में काटना पड़ता है मास्टर साहब. धूप चढ़ी, पछवाँ चली, कि रोआँ उड़ने लगता है." बुधईनं एक गळलेलं साल उचलून कठड्यावर ठेवलं. सालाच्या पाठीवर तपकिरी, मखमलीसारखी बारीक लव होती. "नए बाँस के छिलके पर रहता है. बरखा में चिपका रहता है, कुछ नहीं करता. सूखा, कि सुई जैसा चुभता है. गीले कपड़े पर बैठ गया तो समझिए गया कपड़ा."

वेणीमाधवानं ते साल आपल्या मनगटावर घासलं. शंभर आकडे मोजून होईपर्यंत मनगट लाल झालं, आणि बोटांच्या बेचक्यांत गांधी उठल्या. बकुळच्या उठल्या होत्या तिथंच.

"तुम्हें मालूम था? रोज देखते थे कपड़े यहाँ सूखते हुए?"

"रोज."

"तो बताया क्यों नहीं?"

बुधई कोयता कंबरेला खोचत सावकाश म्हणाला, "हमको देखके आप लोग रस्सी उधर से इधर ले आए. अब हम किस मुँह से छत की तरफ देखके बोलते?"

वेणीमाधवानं कठड्याकडे पाहिलं. कठड्यावरचे दोन खिळे त्याच्या हातानं ठोकलेले होते.

५

त्यानं सगळ्यांना माजघरात बसवलं. या वेळी वही आणली नव्हती.

"मामी, एकच सांग. पाचव्या-सहाव्या माळेला तू सोवळं धुतलंस, ते वाळत कुठं घातलंस?"

"इथंच, माजघरातल्या वलणीवर. मला छत चढवतंय कुठं?"

काशीनाथानं कपाळाला हात लावला. वेणीमाधवाला वाटलं, भुई दुभंगेल तर बरं. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस! प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, हे तो दर वर्षी पोरांकडून घोकून घेई. आणि इथं माणूस बदलला तसं ठिकाणही बदललं होतं, ते त्यानं विचारलंही नव्हतं.

तो सांगत गेला. खाज पसरवत होती ती वलणी. पितृपक्षात पाऊस होता, लव भिजून सालाला चिकटलेली, म्हणून पंधरवडाभर काही झालं नाही. नवरात्रात पाऊस थांबला, वारा फिरून पश्चिमेचा पछवा सुटला, आणि ओल्या सोवळ्यावर ती लव बसायला लागली. काशीनाथाचा मुकटा वलणीवर जातच नव्हता, म्हणून तो सुटला. शरदिनीनं सोवळं नेसल्याबरोबर ती सापडली. आणि बकुळाबाई तर रोज त्या बेटाखाली उभी राहून सोवळं टाकायची, काढायची आणि तिथंच वाळलेलं आपलं सोवळं नेसून चुलीपुढे बसायची.

"म्हणजे आपल्याआधी तिलाच होत होतं," शरदिनी म्हणाली. "आणि तिनं गेरू स्वतःला लावायला आणला होता."

मामी पदर तोंडात धरून रडायला लागली. मामा घसा साफ करून म्हणाले, "झालं ते झालं. वलणी आत घ्या. बाहेर बोलायचं कारण नाही, उगाच हसं होईल. बकुळेला निरोप धाडा. येईल ती. जाईल कुठं?"

"कुठं गेलीय हे तरी ठाऊक आहे का कुणाला?" शरदिनीनं विचारलं.

ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वेणीमाधवाला तिला शोधायला तीन दिवस लागले. एका अन्नछत्रानं तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. दोन घरांनी विषारी हाताची बाई नको म्हणून सांगितलं होतं. मुन्शी घाटावर प्रेमलाकाकू नावाच्या एक बाई मराठी यात्रेकरूंना उतरवून घेत. त्यांच्या मागल्या पायऱ्यांवर बकुळाबाई राखेनं भांडी घासत बसली होती. चुलीपाशी जायची तिला मनाई होती.

वेणीमाधव दोन पायऱ्या खाली, ओल्या दगडावर बसला. बेटापासून बुधईच्या बोलण्यापर्यंत सगळं त्यानं सांगितलं, काही गाळलं नाही. दारात तिची मान दिसली होती, हेही सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून तो पाण्याकडे बघत होता.

"मामी रडतेय. घरी चला बकुळाबाई."

तिनं पातेलं पालथं घातलं. "मास्तर, माझं नाव कुठं घेतलं होतं?"

"घाटावर. पुराणात."

"मग तिथंच सांगा. घरी कशाला रडायचं? घरच्यांनी मला वाईट म्हटल्यानं माझी चूल गेली नाही. घाटावर म्हटल्यानं गेली."

६

कोजागिरीच्या संध्याकाळी पुराण संपत आलं तसा वेणीमाधव उभा राहिला. मामांनी डोळ्यांनी खूण केली, बस म्हणून. तो बसला नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर प्रेमलाकाकूंच्या मागे बकुळाबाई उभी होती.

त्यानं हिंदीत सांगितलं आणि मग मराठीत सांगितलं. बकुळाबाईंचा काही दोष नव्हता. वलणी मी पश्चिमेला बांधली होती, असं म्हणाला. ती का हलवली, हे ओठांवर आलं होतं, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. छतावर जाऊन बांबूचं बेट पाहिलं, लव तपासली, मनगटावर घासली, वारा आणि पाऊस यांचा मेळ लावला, असं सगळं सांगितलं. माझा प्रयोग चुकला होता, मी चुकलो होतो.

तो थांबला आणि लोकांनी वाहवा केली.

"वाह मास्टर साहब! क्या दिमाग पाया है!" कुणी म्हणालं. "बाँस का रोआँ, देखिए तो! हमको तो सात जनम न सूझता." शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. ना कोढ़, ना करणी, नुसतं झाड. म्हाताऱ्या बायका पोरगा हुशार हो म्हणून कौतुकानं माना डोलवत होत्या. वेणीमाधवाला वाटलं, आपल्याला चोर म्हणून धिंड काढून नेलं असतं तर बरं झालं असतं.

"अजून एक आहे," तो ओरडून म्हणाला. "त्या बाहेर निघाल्या तेव्हा मी त्यांची मान पाहिली होती. मला तेव्हाच कळलं होतं, काहीतरी चुकतंय. मी बोललो नाही. मी जेवायला बसलो."

आता मात्र कुणी वाहवा केली नाही. प्रेमलाकाकू वळून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बकुळ, उद्या बारा पानं आहेत. स्वयंपाक तू कर."

"करते," बकुळाबाई म्हणाली.

काशीनाथाच्या आधारानं आलेली मामी खालून "बकुळे, घरी ये गं" म्हणत होती. बकुळाबाई पायऱ्या उतरून आली, तिनं वाकून मामीला नमस्कार केला, पण तिच्याबरोबर गेली नाही. परतताना ती वेणीमाधवापाशी क्षणभर थांबली. तो वाट बघत होता. तिनं रागवावं किंवा क्षमा करावी, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं त्याला.

"सगळं सांगितलंत मास्तर," ती हळूच म्हणाली. "मला सांगताना तुम्ही त्या बुधईचं नाव घेतलं होतंत. ते तेवढं इथं राहिलं."

ती वर निघून गेली. वेणीमाधव लोकांकडे वळला. त्यानं तोंड उघडलं, पण मामांनी पोथी बांधली होती आणि लोक प्रसाद घेऊन पायऱ्या चढायला लागले होते.